फेरीला एक पेला

नव्वदच्या दशकाची अखेर. डॉक्टरांनी आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, बजावलं, "तीन महिन्यांत साखर उतरवा, नाहीतर रोज इन्सुलिनची सुई." आबा म्हणजे नागाला शेपटीला धरून भिरकावणारा माणूस, पण सुई दिसली की दवाखान्याच्या खिडकीतून उडी टाकायचे. म्हणून मी त्यांना पहाटे मैदानावर चालायला लावलं. एवढं मोठं पाप मी दुसरं केलेलं नाही.

पहिला आठवडा त्यांना ओढून न्यावं लागलं. मग ते कोंबड्याच्या आधी उठून एकटेच जायला लागले. "आज चार फेऱ्या!" मी पाठ थोपटली. "आज सहा!" मी गल्लीभर पेढे वाटायचाच बाकी होतो. फक्त एक कळेना. माणूस कोल्हापूर ते पन्हाळा होईल एवढा चालतोय, आणि पायजम्याची नाडी मात्र पुरेना.

एका पहाटे मागोमाग गेलो. मैदान संपलं की दूधकट्टा. तिथं म्हशी बांधलेल्या, गवळी थेट पेल्यात धार काढतोय आणि आबांना फेसाच्या पांढऱ्या मिशा!

"आबा, हे काय?"

"धारोष्ण हाय. औषध."

"कितवा पेला?"

गवळीच कौतुकानं म्हणाला, "पाचवा. अजून एक हाय की त्यांचा. फेरीला एक, असा हिशेबच हाय."

"चालून ताकद जाती," आबा म्हणाले, "ती भरून नको काढाय? फेऱ्या वाढीव म्हणून तूच मागं लागलातास न्हवं?"

म्हणजे माझ्या प्रत्येक शाबासकीमागं एक पेला! हात जोडले, आईची शपथ घातली. आबांनी ऐकलं, पेले तेवढेच ठेवून फेऱ्या कमी केल्या.

तीन महिन्यांनी साखर उतरायची सोडून माडीवर जाऊन बसली. पहिली सुई टोचताना तिघांनी आबांना धरलं होतं. त्यांनी आधीच अशी बोंब ठोकली, की समोरच्या घरातली माणसं धावत आली. सुई आत गेली. आबांनी एक डोळा उघडला.

"झालं? एवढंच व्हय? आन् ह्याच्यासाठनं मला तीन महिनं पळवलंस?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सुई टोचून घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागं येऊन बसले.

"चल कट्ट्यावर. चालून काय बी उपयोग झाला न्हाय."