भिंती नसलेल्या घरातलं कुलूप

'हे काही जमायचं नाही' असं कुणी म्हटलं की मातालेनाच्या कपाळावर एक शीर उभी राहायची. सगळ्या गावाला ती शीर ठाऊक होती. चक्रीवादळात शाळेचे पत्रे उडाले तेव्हा ती दिसली होती, शिवणयंत्र आता भंगारात घाला असं सालेलोलोंगा बंदरातल्या दुकानदाराने सांगितलं तेव्हा दिसली होती, आणि नवरा कामासाठी म्हणून ऑकलंडला गेला व तिथलाच झाला तेव्हाही दिसली होती. पत्रे परत बसले, यंत्र परत चालू झालं. नवरा आला नाही. पण त्याच्यासाठी तिने फारशी खटपटही केली नव्हती.

या वेळी शीर उभी राहिली ती कॉम्प्युटरपायी.

शाळेत शिकवून ती बायकांच्या एका संस्थेचंही काम करायची. घरात मार खाणाऱ्या बायकांचं म्हणणं ऐकायचं आणि उद्या कोर्टात उपयोगी पडेल असं नीट लिहून घ्यायचं. राजधानीतल्या, आपियाच्या ऑफिसने आता नियम केला होता. लॅपटॉपची डिस्क आधी पूर्ण एन्क्रिप्ट करा, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय आतलं अक्षरही कुणाला वाचता येणार नाही. मगच लिहायला घ्या. शुक्रवारपर्यंत झालं नाही, तर लॅपटॉप बोटीने इकडे पाठवा आणि बायकांनाही इकडेच पाठवा.

बायका जाणार नव्हत्या. सावाइई बेटावरून सुटणाऱ्या बोटीवर कोण चढलं आणि कशाला चढलं, हे बोट धक्का सोडायच्या आत गावभर होतं. इउतीता तर स्पष्टच बोलली होती. चर्चमागचं अंगण झाडता झाडता, मान वर न करता ती म्हणाली होती, "तुझ्या मशीनला कुलूप लागलं की सांग. त्या दिवशी येते. आपियाला मात्र मी जायची नाही." तिच्या मानेवरचा वळ पिवळा पडत चालला होता. नवा काळा वळ त्याच्या शेजारी होता.

आणि कुलूप काही लागत नव्हतं.

लॅपटॉप घरी ठेवायची सोय नव्हती. भाचरं उघडून सिनेमे बघत बसायची. म्हणून दिवसा तो तिच्याबरोबर शाळेत जायचा. तिथे शिक्षकांच्या खोलीत झाकण मिटून चार्ज व्हायचा. झाकण मिटलं की आतलं काम थांबतं, हे तिला माहीत होतं. खरी वेळ संध्याकाळची. घरी येऊन ती मागच्या कोपऱ्यातल्या पेटीवर लॅपटॉप उघडून ठेवी, चटयांखालून आलेल्या लांब वायरीला चार्जर जोडी, 'पुढे चालू' दाबी. किती टक्के झालं तो आकडा जरासा हले. मग प्रार्थनेची घंटा, प्रार्थना, जेवण. जेवून येऊन बघावं तर आकडा जिथल्या तिथे. खाली बारीक अक्षरं: थांबवले आहे, चार्जर जोडल्यावर पुढे चालू होईल.

"जोडलाय की, मेल्या!" ती त्याला म्हणे.

आपियाचा सेमिसी, संस्थेचे कॉम्प्युटर बघणारा, फोनवर तर हात झटकून मोकळाच झाला. "मावशी, डिस्क गेलीय तुमची. म्हातारी झाली."

"म्हातारी मीही झालेय. मला कुठे टाकून दिलंय अजून?"

"तसं नाही हो. उगाच डोकं लावू नका, जमायचं नाही ते तुम्हाला. बोटीवर चढवा. बघतो मी महिन्याभरात."

"डिस्क तपासायची कशी, ते सांग आधी."

त्याने उसासा टाकून सांगितलं. तिने तपासली. डिस्क ठणठणीत निघाली. मग तिने जागा मोकळी केली, कुणी कधी घालून ठेवलेला व्हायरस पकडणारा जुना प्रोग्राम काढून टाकला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. शाळेतला चार्जर आणून लावून पाहिला. जेवणानंतर आकडा तिथेच. वहिनी थाळ्या उचलता उचलता म्हणाली, "लेकराला मांडीवर घ्यावं तसं घेऊन बसतेस गं त्याला. अंगाई म्हण, निजेल तरी."

"निजतंय म्हणूनच तर रडतेय मी."

बुधवारी तिने ठरवलं, आज प्रार्थनेत डोळे मिटायचे नाहीत. पाप लागलं तर लागलं. तिने पेटी अशी फिरवली की बसल्या जागेवरून स्क्रीन दिसावी. रस्त्यावर घंटा म्हणून लटकवलेल्या गॅसच्या रिकाम्या नळकांड्यावर ठोके पडले, रस्ता ओस झाला, घरातले सगळे चटयांवर बसले. सर्वांत शेवटी आत्या आली. आत्या म्हणजे तिच्या वडलांची थोरली बहीण, तोफी. या घरात तिच्या शब्दापुढे भाऊ, भाचे कुणी जात नसत. ती आपल्या खांबाला टेकली. त्या खांबाशी दुसरं कुणी बसत नसे, उगाच जातही नसे. भजन सुरू झालं, माना खाली गेल्या. आत्याचा हात पाठीमागे गेला आणि परत मांडीवर आला.

स्क्रीन एकदम मंद झाली.

मातालेना भजनात चुकली. चटयांखालची लांब वायर आत्याच्याच खांबावरच्या सॉकेटातून येत होती. आपल्या टोकाला चार्जर जोडला की झालं, असं ती इतके दिवस समजत होती. दुसरं टोक बघायला त्या खांबापाशी जावं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने आत्यासाठी कोको केला, वाटी पुढे ठेवली आणि मांडी घालून समोर बसली. आत्यासमोर उभ्याने बोलायचं नसतं.

"आत्या, ते मागचं बटण तुम्ही बंद करता."

"मग? वीज आली तेव्हापासून करतेय. देवासमोर बसायचं आणि पाठीमागे यंत्रं गुरगुरत ठेवायची?"

"प्रार्थना झाल्यावर परत लावलं तर?"

"आणि मग झोपायचं? शेजारचे चार्जर लावून झोपले, निम्मं छप्पर जळालं. सकाळपर्यंत बटण बंद. मी आहे तोवर." आत्याने कोकोचा घोट घेतला. "करतंय काय एवढं ते रात्रभर?"

"कुलूप लावतंय. आत लिहीन ते कुणाला वाचता येऊ नये म्हणून."

आत्या हसायलाच लागली. "चारी बाजूंनी उघडं घर आपलं. खांब तेवढे. कोण काय खातं, कोण कुणावर ओरडतं, रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा बघतं. आणि बाईसाहेबांना कुलूप हवंय!"

"म्हणूनच हवंय, आत्या."

आत्याचं हसू थांबलं. "कुणाचं लिहिणार आहेस?"

"ते नाही सांगता येणार."

"मला?"

"तुम्हालाही नाही."

या घरात आत्याला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. ताटं घासणाऱ्या वहिनीचा हात थांबला. मातालेनाच्या कपाळावर शीर उभी होती, पण नजर चटईवर होती. आत्याने कोकोचा तळाचा रवाळ चोथा सावकाश चावून खाल्ला.

"सांगितलं असतंस ना," ती शेवटी म्हणाली, "तर बटणाला हात लावू दिला नसता. मला सांगून मोकळी होणार असशील तर कुलूप घालायचंय कशाला?" तिने हात मागे नेला. कोपऱ्यात स्क्रीन उजळली. "माझी चटई इथे आण. मी इथेच झोपते. जळका वास आला तर सगळं उपटून टाकीन, आधीच सांगते."

सकाळी आकडा खूप पुढे गेला होता. तरी डिस्क जुनी. एका रात्रीत भागणारी नव्हती. गुरुवारी प्रार्थनेच्या वेळी आत्याचा हात मांडीवरच राहिला. वहिनीने सवयीने आठवण केली, "आत्या, बटण..."

"डोळे मीट," आत्या म्हणाली आणि तिने आपली पाठ खांबाला घट्ट लावली.

शुक्रवारी सकाळी मातालेना उठली, तेव्हा स्क्रीनवर आकडा नव्हता. डिस्क सुरक्षित आहे, एवढंच लिहिलं होतं. तिने ते परत वाचलं. मशीन बंद करून चालू केलं. त्याने आधी पासवर्ड मागितला. चुकीचा घातला, आत घेईना. बरोबर घातला, घेतलं. मग तिने सेमिसीला फोन लावला.

"बोटीवर काही चढत नाहीये," ती म्हणाली. "बायकाही नाहीत. लिहून ठेव."

शाळेत जाताना ती चर्चमागे वळली. इउतीता अंगण झाडत होती.

"लागलं," मातालेना म्हणाली.

खराटा थांबला. "किल्ली?"

"माझ्या डोक्यात."

"तोफी आत्याकडे नाही?"

"त्यांनी विचारलंच नाही पुन्हा."

इउतीताने रस्त्याकडे पाहिलं. मग तिने खराटा चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि हात कमरेला गुंडाळलेल्या लुंगीला पुसले.

"शाळा सुटली की येते," ती म्हणाली.