टाकीमागची पिवळी फुलं

माझे काका पाणीपुरवठा खात्यात माळी होते. टाकीमागचं कुरण त्यांच्याकडे. तिथे दरवर्षी वीतभर उंचीची पिवळी फुलं येत, आणि काकांचा नियम एकच: बी गळून पडलं की सगळं गवत कापायचं आणि उचलून न्यायचं. नाही कापलं तर उंच गवत या बुटक्या झाडांना ऊनच लागू देत नाही. बदलून आलेल्या प्रत्येक साहेबाला त्यांनी हे ऐकवलं होतं, साहेबाने विचारलेलं नसलं तरी.

कापणीला काकू सोबत असायची. कुंपणाच्या खांबाला टेकून बसायची, मांडीवर डबा आणि धार लावायचा दगड. काका वीसेक पावलं कापून थांबले, मागे न बघता हात केला, की ती उठून जाऊन दगड त्यांच्या हातात ठेवायची. "हळू घ्या. फुलं कुठे पळून चालली नाहीत."

मग ऐन बहरात काकू गेली. काका रडले नाहीत. कामावर जायचे, जेवायचे, विचारलं तर "बरं आहे" म्हणायचे. बी गळलं, तरी विळा खुंटीवरच.

"काका, कापायचं नाही का?" मी चिडूनच विचारलं.

"तिला आवडायचं ते कुरण. या वर्षी राहू दे तसंच."

कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हे. मीही पुढे गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी कमरेएवढं गवत, खाली जुन्या वाळक्या गवताची गादी. फुलं शोधावी लागली. पायवाटेच्या कडेला सात सापडली. काकांनी ती दोनदा मोजली.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

"परत येतील?"

"आली तर तीन-चार वर्षांनी."

सातांचं बी गळेपर्यंत ते थांबले. मग एका सकाळी विळा काढला. मी डबा घेऊन गेले आणि खांबाजवळ बसले. तिथेही आता गवत माजलं होतं. काका वीसेक पावलं कापत गेले, थांबले आणि मागे न बघता हात केला.

दगड घरीच राहिला होता. मला सुचलंच नव्हतं. काकांचा हात बराच वेळ तसाच होता.