भाता भरेपर्यंत

आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या देवळातला जुना पाइप ऑर्गन दुरुस्त झाला, आणि तेव्हापासून रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, माझं चित्त ठिकाणावर नसतं.

पूर्वी ऑर्गनमागे उभं राहून कुणीतरी हवा भरायला भाता मारायचं. गीताच्या दुसऱ्या ओळीला हवा संपायची, आणि भाता भरेपर्यंत सगळं देऊळ गप्प उभं राहायचं. आई कानात सांगायची, “एवढ्या वेळात आपल्या गेलेल्यांचं नाव घे.” मला वाटायचं, गीतच तसं रचलंय.

आता मोटर बसवली आहे, हवा संपतच नाही. परवाच्या रविवारी दुसरी ओळ झाली आणि आम्ही सवयीने थांबलो; ऑर्गन एकटाच पुढे गेला. नंतर वाजवणाऱ्या नव्या मास्तरांनी विचारलं, “मध्येच का थांबता हो सगळे?”

“इथे थांबतातच, मास्तर,” शेजारच्या फिलूमावशी म्हणाल्या.

दारावरच्या शिळेवर देऊळ कुणी बांधलं, ऑर्गन कुठून आणला, सगळं कोरलंय. मी ती उगाचच पुन्हा वाचली. भात्याचं त्यात काही नाही.

यंदापासून मला आईचंही नाव घ्यायचं असतं. ते ओठांवर येतं, तोवर तिसरी ओळ सुरू झालेली असते.