साळूबाईंचा आवाज

लालासाहेब बावीस वर्षं सैन्याच्या सिग्नल शाखेत होते. निरोप पोचवायचा आणि परक्याच्या कानी जाऊ द्यायचा नाही, यातच त्यांची नोकरी गेली. निवृत्त होऊन ते कोरेगावजवळच्या आपल्या गावी आले आणि ऊस करू लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, घशाचा कर्करोग निघाला. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला आठ दिवस होते आणि नेमक्या त्याच आठवड्यात लेकीनं, पल्लवीनं, दिवस गेल्याचं कळवलं.

दुसऱ्या दिवसापासून साळूबाई ओसरीवर बसून लालासाहेबांच्या फोनमध्ये बोलू लागल्या.

"बाळा, मी तुजी आज्जी. तुजी आय ल्हान असताना लय रडायची. आता ती तुला वरडली तर मला सांग." मग त्या स्वतःच हसल्या. रोज थोडं थोडं, घसा दुखेपर्यंत बोलल्या.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. महिन्यानं लालासाहेबांनी रेकॉर्डिंग लावलं, तर आवाज फारच बारीक. गावच्या ग्रुपवर कुणीतरी आवाज मोठा करणाऱ्या फुकट ॲपची लिंक टाकली होती. त्यांनी ती दाबली, फोननं विचारलं त्या सगळ्याला हो म्हटलं. आवाज खरंच थोडा वाढला. साळूबाईंनी ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला.

चार दिवसांत फोन तापायला लागला. सकाळी भरलेली बॅटरी दहा वाजताच संपायची. फोन जुना झाला, असं समजून लालासाहेब तो सारखा चार्जिंगला लावत राहिले. एका सकाळी बघतात तर बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलेलं, पडदा काळा.

साताऱ्यात राजेश्वरीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं फोन उघडला, मग ॲपचं नाव विचारून घेतलं.

"काका, असा फोन या महिन्यात तिसरा. त्या ॲपच्या आडून दुसरंच काम चालतं. आपण फोन वापरत नसलो तरी आत तो कुणासाठी तरी अखंड गणितं सोडवतो. त्यातनं त्यांना क्रिप्टोचं चलन मिळतं. फोन जळला तर त्यांना काय?"

"कोन हायती ती?"

"ते न्हाई सापडत. तापायला लागला तवाच ते ॲप काढून टाकलं असतं तर वाचला असता. लिंकवरनं आलेलं काही घ्यायचंच न्हाई."

"आतला आवाज निघंल का, पोरी?"

"बोर्डच जळलाय, काका. दुसरीकडं कुठं ठेवला हुता?"

"न्हाई."

आठवडाभर त्यांनी घरात फोन दुरुस्तीला दिल्याचं सांगितलं. रोज दुपारी साळूबाई हातानं खुणावून विचारायच्या, आला का? शेवटी एकदा त्यांच्यापुढं बसून लालासाहेबांनी सगळं सांगितलं. "माज्याच हातानं घालवलं, साळू," म्हणाले.

साळूबाईंनी वही ओढून लिहिलं, 'तुमच्या ध्यानात हाय न्हवं माझा आवाज?'

"व्हय," लालासाहेब म्हणाले. पण शब्द तेवढे आठवत होते. आवाज आठवायला गेलं की तो हाती लागता लागता निसटायचा. हे त्यांनी साळूबाईंना कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर ते पारावर बसणाऱ्यांचे फोन मागून घेऊ लागले. गरम लागला की ॲपची यादी उघडून, हे कुठनं आलं, ते कशाला घेतलं, असं विचारत बसायचे. लोक आधी हसले. पुढं बायासुद्धा फोन घेऊन येऊ लागल्या.

पल्लवीला मुलगी झाली. साळूबाई नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालतात तेव्हा ओठ हलवत राहतात. पोर टक लावून त्या ओठांकडं बघते. लालासाहेब पाण्याचा तांब्या हातात धरून शेजारी उभे असतात.