डाव्या स्पीकरची खरखर

जीपमध्ये टेप बसवायचा होता त्या दिवशी मी नवी साडी नेसले होते. टेप बसवायला कुणी नवी साडी नेसतं का? मी नेसले. वय चाळीसच्या पुढे, दोन मुली उजवलेल्या, आणि अक्कल अजून यायची होती. त्याच टेपच्या खरखरीपायी आमच्या घरातला ड्रायव्हर गेला. माणूस राहिला, ड्रायव्हर गेला. त्यात माझा हात होता, म्हणून लिहायला बसले.

आमचे मालक फौजेत ड्रायव्हर होते. वीस वर्षं डोंगरातनं ट्रक चालवले, तोफा ओढल्या, आणि पेन्शन घेऊन पलूसजवळच्या आमच्या गावी आले ते नव्वदच्या पुढं कधीतरी. आल्या आल्या जुनी डिझेल जीप घेतली. लग्नाची वऱ्हाडं, सुपारी फोडायला निघालेली माणसं, दवाखान्याचे पेशंट, पेन्शनच्या कामाला साताऱ्याला निघालेले जुने फौजी, सगळ्यांची ने-आण आमच्या जीपमधनं. गाडी रिकामी असली की पुढच्या डाव्या सीटवर मी. खिडकीवर कोपर टेकवून बसायची, गल्लीतल्या बायकांना नीट दिसावं म्हणून.

टेप इस्लामपुरात बसवला. येताना जयंतीच्या गाण्यांची कॅसेट लावली, तर गाण्यामागं आणखी एक आवाज, सूंईं करून. गाडी पळाली की तो चढायचा, हळू झाली की उतरायचा. मालकांनी लगेच गाडी कडेला घेतली. त्यांची फौजेतली पद्धत होती, बिघाड शोधायचा तर एकेक गोष्ट बाद करत जायची.

"इंजन बंद. ऐक."

"गेला."

"चालू. आता रेस देतो. ऐक."

"आला."

"म्हंजे डायनामोचं हाय. टेप बेकसूर."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या कानाला कुणी काही विचारलंय असं तोवर घडलं नव्हतं. चार घरं पलीकडची कुजबुज मला ऐकू यायची, पण त्याचं कौतुक कुणी करावं?

दुसऱ्या दिवशी परत इस्लामपूर. अर्थिंगची वायर टेप बसवणाऱ्यानं रंगावरच आवळली होती. रंग खरवडून पुन्हा आवळली, इंजनचा आवाज गाळायला एक कंडेन्सर लावला. येताना टेप लावला तर नुसतं गाणं, मागं काही नाही.

"आवं, गेला की!" मी म्हटलं.

मालकांनी मान वाकडी केली. "न्हाई. जरा हाय अजून."

पुढचे पंधरा दिवस ते भेटेल त्याला जीपमध्ये बसवून ऐकवत होते. कुणालाच काही ऐकू येईना. शेवटी सरपंचांच्या म्हाताऱ्या आईला बसवलं. ती म्हणाली, "गाणं लय झकास हाय रं, गाडी कवा हालणार?" लोक हसले. मालक त्या दिवसापासून गप्प झाले. दोन दिवस ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. तिसऱ्या दिवशी गाडी पुसता पुसता म्हणाले, "घरात तरी एक मानूस असावं म्हनायला, की हा खुळा न्हाई."

मग मला बोलावलं, टेप लावला. "ऐक."

मला काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "व्हय, येतोय. बारीक हाय, पर येतोय."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता, इतका उजळला. तिथं थांबायचं तरी? पण खोटं बोलायला लागले की मला थांबताच यायचं नाही.

"कुठनं येतोय?"

"डाव्या बाजूनं."

डाव्याच का? तर मी डाव्या सीटवर बसले होते. दुसरं काही कारण नाही. मालकांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! डावीकडनंच! मला वाटलं, मलाच भास हुतोय."

तिथनं पुढं आठ महिने त्या डाव्या बाजूची दुरुस्ती चालली. डावा स्पीकर बदलला. वायर बदलली. कापसाला स्पिरिट लावून टेपचं हेड पुसलं, दर रविवारी. एरियल काढून ठेवली. दर खेपेला मी ऐकायला बसायची आणि नाडी बघणाऱ्या डॉक्टरासारखा चेहरा करून सांगायची, "कालच्यापेक्षा कमी हाय." पुढं पुढं तर मी दातातनं तो आवाज काढूनसुद्धा दाखवायला लागले. सूंऽऽ. "आगदी आस्संच!" म्हणायचे. अशी हुशार मी.

आणि या हुशारणीला काय काय दिसत नव्हतं, तेही सांगते. जेवताना ते आता भिंतीकडे डावा खांदा करून बसायचे. रेडिओ उचलून उजवीकडे ठेवायचे. गोठा आमच्या कट्ट्याच्या डाव्या हाताला. तिथनं मी चार हाका मारल्या तरी ओ द्यायचे नाहीत. मी शेजारणीला म्हणायची, "फौजेतनं आल्यापास्नं भाव खात्यात."

पावसाळा सरला, साखर कारखाने सुरू झाले, रस्त्यावर उसाच्या गाड्या आल्या. एक दिवस सुपारीची माणसं घेऊन आम्ही इस्लामपूरकडे निघालो होतो. मागं सात बायका, पुढं मी. टेप बंद होता, कारण बायकांनाच गप्पा मारायच्या होत्या. डावीकडच्या शेतातनं उसाचा ट्रॅक्टर रस्त्यावर येत होता, हॉर्नवर हात ठेवूनच. मागच्या बायकांनी ऐकला, मी ऐकला. मालक सरळ चालले होते. मी ओरडले, तेही त्यांच्या डाव्या कानाशी. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं ते ट्रॅक्टरचं नाक दिसल्यावर. जीपचं चाक चरीत गेलं आणि थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मालक घामानं थबथबले होते. म्हणाले, "ह्या टेपच्या खरखरीत हॉर्न ऐकू येत न्हाई."

मी बंद टेपकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सांगली. तिथं रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते, हाताला गुण आहे म्हणून लांबनं लोक यायचे. चाचा आधी जीपमध्ये बसून डोळे मिटून ऐकत राहिले. मग सेट बाहेर काढला, दुकानातल्या टेबलावर ठेवला, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा स्पीकर जोडला.

"आता?"

"येतोय," मालक म्हणाले.

चाचांनी स्पीकर सोडवला. "आता?"

"येतोय."

चाचांनी बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. टेबलावर नुसता लोखंडाचा डबा उरला. "आता, भाऊ?"

मालक कान देऊन ऐकत होते. मनापासून. "कमी न्हाई झाला. हाय तसाच हाय."

चाचांनी पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडे वळले. "बेटी, तुला येतोय?"

मालकांनीही माझ्याकडे बघितलं. त्यांना खात्री होती मी काय सांगणार याची. घरात एक माणूस होतं ना.

"न्हाई," मी म्हटलं.

"परवा येत हुता न्हवं?"

"परवाबी न्हवता."

"मग कवा हुता?"

"पयल्यांदा हुता, डायनामोचा. त्यानंतर कवाच न्हाई."

"मग त्ये सूं करून दावत हुतीस, त्ये?"

चाचाच मध्ये बोलले, हळू आवाजात. आणि मालकांनी उजवा कान पुढं केला, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "भाऊ, सेटमधी काही खराबी न्हाई. मिरजेला कानाच्या डॉक्टरला दाखवा. गाडी हितंच राहू द्या, बसनं जावा."

आम्ही बसनं गेलो. मी त्यांच्या शेजारी बसले, तसे ते उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

डॉक्टर तरुण होते. कानावर यंत्र लावून बराच वेळ तपासलं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवाही उतरणीला लागलेला. तोफा आणि इंजिनं, इतकी वर्षं. तो सूं आवाज कानाचा स्वतःचाच आहे, म्हणाले, बाहेर कुठंच नाही.

"कधीपासून होतंय?"

"टेप बसवल्यापास्नं."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"डावा स्पीकर बदलला," मालक म्हणाले.

डॉक्टरांना ती थट्टा वाटली. ते मोठ्यानं हसले, आणि हसणारे आपण एकटेच आहोत हे कळल्यावर कागदावर लिहायला लागले. माणसं भरून गाडी चालवायची नाही, असं सांगितलं. मालक बाहेर गेल्यावर मी विचारलं, आठ महिने आधी आणलं असतं तर? "सांगता येत नाही," म्हणाले. हो म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान कशासाठी रडायचं ते तरी ठरलं असतं.

मालकांनी मला शिव्या दिल्या नाहीत. पुढंही कधी दिल्या नाहीत. मी वाट बघत होते.

जीप आमच्याच गल्लीच्या टोकाच्या एका माणसाला विकली. किल्ली देताना मालकांनी त्याला अर्थिंगचा बोल्ट दाखवला, रंग खरवडलेली जागा दाखवली. संध्याकाळी तो घरी परतायचा तेव्हा टेप वाजत असायचा, आणि आमच्या दारावरनंच जायचा. मला लांबनं कळायचं, जीप येतेय. मालकांना दिसल्यावर कळायचं.

असंच एकदा जीप दारावरनं गेली. गाणं लख्ख वाजत होतं. मालक कट्ट्यावर बसले होते, त्यांच्या उजव्या हाताला, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, मी तांदूळ निवडत होते. त्यांनी जीप वळेपर्यंत बघितलं. मग उठले, रस्ता ओलांडून समोरच्या म्हाताऱ्याकडे गेले आणि विचारलं, "आन्ना, टेपमदी खरखर येत हुती का वो?"

"न्हाई फौजी. लय क्लीन हाय."

"बरं," म्हणाले, आणि परत येऊन बसले.