उतरत्या चंद्राचा बांबू

अर्नोबिओ किसेनोचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. त्यात त्याचा पराक्रम काही नव्हता. बांबू कापायचा तर चंद्र उतरता हवा आणि उजाडायच्या आत कोयता चालायला हवा. तेव्हा रस मुळांकडे गेलेला असतो, आणि रस नसलेला बांबू भुंगेऱ्याला गोड लागत नाही, असं त्याला त्याच्या बापाने सांगितलं होतं आणि बापाला आजोबाने. आता उतरता चंद्र काही महिनाभर नसतो. उरलेल्या दिवशी अर्नोबिओ सातला उठला असता तरी कुणी विचारलं नसतं. पण त्याचे गुडघे ऐकत नसत. ते तीनलाच उठत आणि त्याला बरोबर नेत.

कोलंबियात, किंदिओच्या डोंगरउतारावर ओढ्याकाठी जे बांबू वाढतात त्यांना ग्वादुआ म्हणतात. माणसाच्या मांडीएवढे जाड. अर्नोबिओने उभा जन्म तेच कापले. कामाबद्दल तो काटेकोर होता. कोयता पेराच्या गाठीला लागून, गाठीच्या वर चालवायचा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही आणि बन कुजत नाही. कापलेला बांबू पानांसकट तिथेच दोन-तीन आठवडे उभा टेकवून ठेवायचा. मग खेचरावर लादायचा. चिखलात खेचर बसलं की स्वतः ओढायचा. बांबू खांद्यावर घेतात असं बघणाऱ्याला वाटतं. तो मानेवर असतो. अर्नोबिओची मान त्यामुळे डावीकडे झुकलेली होती, आणि माणूस सतत कुणाचं तरी गुपित ऐकतोय असं दिसायचं.

त्याचं घरही बांबूचं, वरून माती आणि चुना. मोठ्या भूकंपात गावातली विटांची घरं बसली तेव्हा ते उभं राहिलं. याचा त्याला फार अभिमान. त्याची बायको नूबिया हिला तेवढा नव्हता. तिच्या स्वयंपाकघरातले बांबू भुंगेऱ्याने पोखरले होते. दिवसभर वरून बारीक पिवळी भुकटी गळायची.

"सूपमध्ये पडते," ती म्हणायची.

"भूकंपात हेच घर टिकलं, नूबिया."

"भूकंप एकदा झाला. सूप मी रोज करते."

ते बांबू अर्नोबिओनेच कापले होते, लग्नाच्या आठवड्यात, घाईने, चढत्या चंद्राला. तेव्हा चंद्राकडे बघायला सवड नव्हती, असं तो सांगायचा. नूबिया म्हणायची, "तेव्हा तरी बघायचा होता." तिला विटांचं, पक्कं स्वयंपाकघर हवं होतं. अर्नोबिओनेही शब्द दिला होता. शब्द द्यायला काही खर्च नसतो, म्हणून तो दरवर्षी देत असे.

अशात डॉक्टर उरानबाई बनात आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, इंजिनिअर. किंदिओतल्याच आर्मेनिया नावाच्या शहरात त्यांची प्रयोगशाळा होती. लोखंड आणि सिमेंट कमी करून बांबूची मजबूत घरं कशी बांधता येतील, हे त्या शोधत होत्या. भुंगेरा लागू नये म्हणून बांबू टाकणखाराच्या पाण्यात बुडवून ठेवतात. चंद्राचं म्हणणं खरं निघालं तर टाकणखार कमी लागेल, पाणी कमी लागेल आणि गरिबाचं घर स्वस्त होईल, असा त्यांचा हिशेब.

"मिस्त्री, एकाच बनातले, एकाच वयाचे बांबू हवेत. अर्धे उतरत्या चंद्राला कापा, अर्धे चढत्या. वेळ तीच, कोयता तोच, माणूस तोच."

"चढत्या चंद्राला मी कापत नाही. भुंगेरा खातो."

"खातो का, तेच बघायचंय."

"मग मलाच विचारा ना. स्वस्तात पडेल."

बाई हसल्या. "आणि लिहू काय? मिस्त्री म्हणाले?"

अर्नोबिओला त्यात गैर काय ते कळलं नाही. पण दरमहा मजुरी होती, आणि निकाल लागला की शेवटी एक मोठी रक्कम. नूबियाने त्याच संध्याकाळी दोरी घेऊन स्वयंपाकघर मापलं.

उतरत्या चंद्राचे बांबू त्याने झोकात कापले. बुडाशी तांबड्या रंगाचा पट्टा मारला. मग चंद्र चढू लागला. अर्नोबिओ ठरल्या वेळी बनात गेला, कोयता उचलला आणि तसाच उभा राहिला. हात खाली येईना. चढत्या चंद्राला कापलं तर खुंट रडतो, पुढची दोन वर्षं कोंब खुरटे येतात, असं बाप म्हणायचा. शिवाय ओढ्यापलीकडे ओविदिओ होता. तोही बांबू कापणारा, गावातलं सगळ्यात मोठं तोंड. खेचराला पाणी पाजायला आला होता.

"काय हो किसेनो, चंद्र दिसत नाही वाटतं? का आता दिसेल तेव्हा कापायचं ठरवलंत?"

"कोयत्याची धार बघतोय," अर्नोबिओ म्हणाला.

"धार घरी बघतात."

अर्नोबिओ घरी आला. बाईंना फोनवर सांगितलं, कापले. मग गपचूप पुढच्या उतरत्या चंद्राची वाट बघितली, तेव्हा कापले आणि त्यांना चढत्या चंद्रासाठी ठरलेला निळा पट्टा मारला. कापलेला बांबू तसाही आठवडेच्या आठवडे बनात उभा असतो. कधी कापला ते कोण ओळखणार? यात आपण कुणाला फसवतोय असं त्याला वाटलंच नाही. बाईंना वाईट मालाऐवजी चांगला माल मिळाला, त्यांचा फायदाच झाला, असं त्याने स्वतःला समजावलं. समजायला तो फार वेळ घेत नसे.

नंतरचे महिने छान गेले. प्रयोगशाळेतही मदतीला त्यालाच घेतलं होतं, तिथे त्याने कामात कसूर केली नाही. बांबू मोजले, पुसले, पेट्यांमध्ये भुंगेऱ्यांसोबत ठेवले, दाबयंत्राखाली सरळ उभे केले. पांढरा अंगरखा मिळाला, तो घालून तो एकदा गावातही फिरला. एका म्हातारीने त्याला गुडघेदुखीवर औषध विचारलं. त्याने सांगितलंही.

आणि गंमत अशी की चंद्र जिंकणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. ओविदिओशी त्याने कोंबडीच्या रश्शाची पैज लावली. ओविदिओचं म्हणणं, यंत्राला चंद्र कळत नाही. निळा पट्टा मारला म्हणजे बांबू चढत्या चंद्राचाच झाला, असं आता त्यालाही वाटू लागलं होतं. जाता येता तो निळ्या बांबूंकडे तुच्छतेने बघायचा.

निकालाच्या दिवशी बाईंनी त्याला बोलावलं. "मिस्त्री, तुम्हाला वाईट वाटेल. तांबडे आणि निळे, भुंगेऱ्याने सारखेच खाल्ले. यंत्राखालीही सारख्याच वजनाला मोडले. चंद्राचा काही संबंध दिसत नाही."

"असं कसं होईल," अर्नोबिओ तावातावाने म्हणाला, आणि मग त्याला कसं झालं ते आठवलं.

"शनिवारी गावात सगळ्या कापणाऱ्यांना बोलावलंय. त्यांना सांगायला हवं. चंद्रासाठी पहाटे उठायची गरज नाही, महिनाभर केव्हाही कापा. तुमचे उरलेले पैसे सोमवारी मिळतील."

बसमध्ये अर्नोबिओला एवढंच कळत होतं की चंद्राची बाजू राखायला गेलेल्या माणसाने चंद्रालाच बुडवलं होतं. उतरत्या चंद्राचा म्हणून बांबूला चार पैसे जास्त मिळत. त्यावर गावातल्या कापणाऱ्यांची घरं चालत. शनिवारनंतर ते जास्तीचे पैसे कुणी दिले नसते. बोललं तर विटा गेल्या. न बोललं तर चंद्र गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्याने तर हात रंगवून दाखवला होता.

घरी गुळाचं गरम पाणी पिता पिता त्याने नूबियाला सगळं सांगितलं. तिने भाकरी उलटली.

"बांबू चांगला दिलात ना त्यांना?"

"चांगलाच."

"मग चांगल्याचे पैसे घ्या आणि गप बसा. चंद्राला पक्कं स्वयंपाकघर नकोय. मला हवंय."

"आणि ओविदिओ? बाकीचे?"

"ओविदिओ माझ्याकडे सूप प्यायला येतो का?"

अर्नोबिओने गप बसायचं ठरवलं. गप बसण्यात मेहनत नसते असं त्याला वाटायचं. शनिवारपर्यंत कळलं, मान मोडेल एवढी असते.

सभा कॉफीच्या गोदामात होती. डॉक्टरबाईंनी पडद्यावर तांबड्या-निळ्या रेघा दाखवल्या. रेघा एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. कापणारे टोप्या गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. मग ओविदिओ उठला. अर्नोबिओला वाटलं, आता टोमणा येणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे बाई, माझा बाप अंधारात घसरून ओढ्यात पडला, कंबर मोडली, ते उगाच?"

बाई म्हणाल्या, "तसं नाही..."

"उगाच नाही," अर्नोबिओ बसल्या जागेवरून म्हणाला. मग उभा राहिला. "निळे माझे आहेत. म्हणजे रंग निळा आहे. कापले मी उतरत्यालाच. सगळेच. चढत्याला माझा हात चालेना."

मग मागून एक हसला, आणि मग सगळे. पन्नाशीतले बाप्ये डोळे पुसत होते. ओविदिओ सगळ्यात शेवटी हसला, पण थांबला नाही.

"धार बघत होतास ना रे," तो म्हणाला. आजवर त्याने अर्नोबिओला अरेतुरे केलं नव्हतं.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दिवा लावला, पडदा गुंडाळला आणि जवळ येऊन विचारलं, "आणखी काय काय रंगवलंत?"

"एवढंच."

"वय? बन? जागा?"

"ते सगळं खरं. कामात मी खोटं करत नाही, डॉक्टर."

"हे काम नव्हतं?"

अर्नोबिओने खाली बघितलं. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं. मुख्य म्हणजे त्यानेच.

"दोन वर्षं गेली माझी," बाई म्हणाल्या. "अनुदान संपलं. पुन्हा करायचं तर माझ्या पगारातून करावं लागेल. शेवटची रक्कम विसरा. निम्मी मजुरी देईन, आणि चढत्या चंद्राला कापताना मी समोर उभी राहीन."

"मला काढत नाही?"

"एवढ्या वाकड्या मानेचा दुसरा माणूस कुठे शोधू? दुसऱ्याने कापले तर माणूस बदलला म्हणतील."

ठरल्या पहाटे ओढ्याकाठी जत्रा भरली होती. चढता चंद्र केव्हाच मावळला होता. डॉक्टरबाई कंदील घेऊन, ओविदिओ थर्मासमध्ये कॉफी घेऊन, आणि बाकीचे नुसतेच. अर्नोबिओने डोळे मिटून पहिला घाव घातला. घाव गाठीच्या खाली बसला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"खुंट रडतोय का बघा रे," ओविदिओ म्हणाला.

"डोळे उघडे ठेवून कापा, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "तेही लिहावं लागतं."

बाकीचे त्याने नीट कापले. बन रागावलं नाही. पुढच्या पावसात कोंब आले ते नेहमीसारखे, जाड आणि उद्धट. मग पुन्हा पेट्या, पुन्हा यंत्र, पुन्हा निम्म्या मजुरीचे महिने. या वेळी निळे बांबू भुंगेऱ्याने किंचित जास्त खाल्ले. यंत्राखाली मात्र दोन्ही सारखेच मोडले. अर्नोबिओ म्हणाला, चंद्र जिंकला. बाई म्हणाल्या, एवढा फरक योगायोगानेही पडतो, आणखी एकदा करायला हवं. कोंबडी कुणी द्यायची यावर ओविदिओशी वाद झाला. शेवटी दोघांनी अर्धी अर्धी दिली आणि बाईंना जेवायला बोलावलं.

जेवण अर्नोबिओच्या नव्या स्वयंपाकघरात झालं. निम्म्या मजुरीत जेवढ्या विटा आल्या तेवढ्यात भिंत खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत गेली. त्याच्या वर टाकणखारात बुडवलेले बांबू होते. बाईंनी भिंतीवरून हात फिरवला. खाली जड, वर हलकं, भूकंपाला ही रचना फार चांगली, ही तुम्हाला कुणी सुचवली, असं त्यांनी विचारलं.

"पैशांनी," नूबिया रस्सा वाढत म्हणाली. "विटा माझ्या. वरचं ह्यांचं. तुम्ही विटांना टेकून बसा, डॉक्टर, त्यांतून ताटात काही पडत नाही."