पुसायचं बटन

हथखोजच्या रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, इतकं अरुंद की आत शिंक आली तर आधी बाहेर यावं लागतं. गळ्यात देवाच्या लॉकेटसारखा पेनड्राइव्ह. तो खुपसला की अख्ख्या भिलाईनं भंगारात काढलेला कॉम्प्युटरही लिनक्सवर उठून बसतो. मी तर म्हणतो, मढंही उठेल. पण लिनक्स बसवताना जुनं सगळं पुसायचं शेवटचं बटन तो स्वतः कधीच दाबत नाही. "डाटा तुमचा, तर बोटही तुमचंच," म्हणतो.

भाऊ गेल्यावर त्याचा बंद पडलेला कॉम्प्युटर पुतणीच्या कॉलेजसाठी चालू करायला मी या माणसाला सेक्टर दहामध्ये, वहिनीच्या क्वार्टरवर नेलं. पेनड्राइव्हवरून मशीन उठलं. तो म्हणाला, "आतलं काही ठेवायचं आहे काय? बाईले विचारून घ्या न भाऊ."

"कावून टाइम खराब करून राहिला? कचरा आहे सारा," म्हणत मी ऐटीत एंटर दाबलं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. "यांनी घरी म्हटलेली गाणी आहेत त्यात. तेवढी मले काढून द्या. आवाज तेवढाच राहिला."

पडद्यावरची पुसण्याची पट्टी भरत आली होती. मी एंटरवरचं बोट हळूच काढून घेतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वहिनीलाच म्हणाला,

"माफ करा, बाई. माझ्या हातून सारं पुसल्या गेलं."

वहिनी रडली नाही. "निघा," एवढंच म्हणाली.

आता ती सेक्टरभर सांगते, त्या माणसाला घरात घेऊ नका. मी शेजारीच बसलेला असतो, आणि मान डोलावतो.